जुनी गाडी आणखी दहा वर्षे साथ देईल का, हे घेण्याआधी कसे ओळखावे?

दूरचा_पल्ला:

नमस्कार. मला वापरलेली गाडी घ्यायची आहे आणि ती निदान दहा वर्षे वापरायची आहे. त्यामुळे गाडी आज कशी चालते यापेक्षा ती पुढे कशी टिकेल, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. सध्या दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली २०१८ ची, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची असून मीटरवर ४२,००० किलोमीटर दिसतात. विश्वासार्हतेच्या याद्यांमध्ये हे मॉडेल नेहमी वरच्या क्रमांकावर असते, मात्र तिसऱ्या वर्षानंतरच्या सर्व्हिसिंगची एकही पावती मालकांकडे नाही; "रनिंगच नव्हते, मग सर्व्हिसिंग कशाला?" असे त्यांचे म्हणणे. दुसरी त्याहून एक वर्षाने नवी, टर्बो नसलेले साधे पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर असलेली, पण १,१८,००० किलोमीटर धावलेली आहे. हे मॉडेल याद्यांमध्ये मधल्या फळीतले आहे, परंतु मालकांनी पहिल्या दिवसापासूनची बिले तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवली आहेत.

घरचे आणि मित्र एकमुखाने पहिली गाडी घे म्हणतात. माझे मन दुसऱ्या गाडीकडे ओढ घेते, पण ते केवळ त्या नीटनेटक्या फाइलमुळे भारावून जाऊन असेल, अशी शंकाही येते. याद्यांमधील क्रमांकावर कितपत विसंबावे, वय मोजावे की किलोमीटर, आणि मेकॅनिकला तासाभरासाठी सोबत नेले तर त्याला नेमके काय पाहायला सांगावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मोजपट्टी:

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण गाडीखाली शिरणे हा माझा प्रांत नाही; आकडे वाचणे आहे.

विश्वासार्हतेची प्रत्येक यादी वेगळीच गोष्ट मोजत असते आणि आपण मात्र त्या सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो. जे. डी. पॉवर या संस्थेचे प्रसिद्ध सर्वेक्षण तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना गेल्या बारा महिन्यांतील तक्रारी विचारते आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते सांगते. त्यात फोन गाडीच्या स्क्रीनला जोडला जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स निकामी झाला हीदेखील एकच तक्रार. शिवाय तीन वर्षांच्या गाडीवरून तेराव्या वर्षाचे भाकीत करायचे म्हणजे चौथीच्या निकालावरून पदवीचा अंदाज बांधण्यासारखे आहे. जर्मनीतील एडीएसी ही वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची मोजदाद करते, पण तिच्या आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत ४० टक्क्यांहून अधिक प्रसंग केवळ १२ व्होल्टच्या बॅटरीचे निघतात. त्याच देशातील टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेचा अहवाल सक्तीच्या नियतकालिक तपासणीवर आधारलेला असतो आणि त्यात बारा-तेरा वर्षांच्या गाड्याही येतात, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मात्र ही तपासणी दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, गंज, तेलगळती अशा सुरक्षिततेच्या बाबी पाहते. पिस्टनभोवतीच्या धातूच्या रिंगा किती झिजल्या किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत काय चालले आहे, हे तिला दिसत नाही. म्हणून यादी हातात घेतली की आधी क्रमांक न पाहता, तिने काय मोजले आणि किती वर्षांच्या गाडीवर मोजले, हे पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की विश्वासार्हता 'मॉडेल'ला चिकटलेली नसते. ती इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनाचे वर्ष या तिघांच्या जोडणीला चिकटलेली असते. फोर्डच्या २०१२ ते २०१६ च्या फोकसचे उदाहरण घ्या. ड्युअल-क्लच (दोन क्लच असलेल्या) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या थरथरीबद्दल अमेरिकेत इतक्या तक्रारी झाल्या की कंपनीला त्या भागांची वॉरंटी वाढवावी लागली आणि प्रकरण ग्राहकांच्या सामूहिक दाव्यापर्यंत गेले. त्याच फोकसमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स घेतलेल्यांना मात्र यातले काहीही भोगावे लागले नाही. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच, बोधचिन्ह सारखेच, आणि सरासरी काढली तर दोघींनाही मिळणारा क्रमांक एकच.

मालकांच्या तक्रारी वाचतानाही त्यांची संख्या मोजू नये, कारण ज्या गाड्या जास्त खपतात त्यांच्या तक्रारीही जास्तच असणार. एकच भाग, साधारण एकाच किलोमीटरच्या टप्प्यावर, एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक मालकांकडे बिघडतो आहे का, हे पाहावे. तसे दिसले तर तो योगायोग नसून रचनेतला दोष असतो, आणि आपण घेणार असलेली गाडी त्या टप्प्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर पुढचा सगळा हिशोब ठरतो.

तेलकट_हात:

गॅरेजमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ काढल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे: कमी रनिंग हा गुण आहे असे मानणाऱ्यांमुळेच आमचा धंदा चालतो.

आपल्या पहिल्या गाडीचे गणित मांडून पाहा. सात वर्षांत ४२,००० म्हणजे वर्षाला ६,०००, म्हणजेच दिवसाला सरासरी सोळा किलोमीटर, आणि तेही बहुधा दोन-चार छोट्या फेऱ्यांमध्ये विभागलेले. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी निघते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर जाते, पण थोडे रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते आणि त्याच्यासोबत न जळलेले पेट्रोलही उतरते. गाडी तासभर पळाली की तेल चांगले तापते आणि हे दोन्ही उडून जातात. छोट्या फेरीत मात्र इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तेल अजून कोमटच असते, कारण तेलाला तापायला त्या पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मग ते पाणी, ते पेट्रोल आणि काजळी एकत्र होऊन तेलाचा हळूहळू चिखल होतो. यावर उपाय एकच, तेल किलोमीटरवर न बदलता वर्षावर बदलणे, आणि "रनिंगच नव्हते" म्हणणारे मालक नेमके तेच करत नाहीत.

माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. मीटर ३१,०००, आतून-बाहेरून नव्यासारखी, तक्रार एवढीच की वळणावर तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडले तर आत व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट दिसेचना. त्याच्यावर डांबरासारखा काळा थर बसला होता आणि बोट फिरवले की त्यात चर पडत होती. खालचा चेंबर उतरवल्यावर तेल ओढून घेणारी जाळी निम्म्याहून अधिक बुजलेली निघाली. मालकांनी शेवटच्या साडेचार वर्षांत एकदाच तेल बदलले होते, कारण पुस्तिकेतल्या १०,००० किलोमीटरच्या आकड्यापुढे 'किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते' हे शब्द त्यांनी वाचलेच नव्हते. नामांकित कंपन्याही यातून सुटत नाहीत. टोयोटाच्या १९९७ ते २००२ च्या काही इंजिनांमध्ये तेल गोठून चिखल होण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की त्या कंपनीलाही २००२ मध्ये दुरुस्तीची खास हमी द्यावी लागली होती.

याउलट दुसरी गाडी दिवसाला सरासरी चोपन्न किलोमीटर धावली आहे. ती बहुधा मोकळ्या रस्त्यावर, तापलेल्या इंजिनाने, वरच्या गिअरमध्ये धावली असणार. इंजिनाची खरी झीज थंड अवस्थेत सुरू करताना आणि त्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत होते, म्हणून किलोमीटरपेक्षा ते इंजिन किती वेळा थंड अवस्थेतून उठवले गेले, हे मोजायला हवे. ते मीटरवर दिसत नाही, पण वापराची पद्धत विचारली की अंदाज येतो.

आता पाहणीबद्दल. गाडी पाहायला सकाळी जा आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नका असे मालकांना आधीच सांगून ठेवा. गेल्यावर पहिले काम म्हणजे बॉनेट उघडून इंजिनाला हात लावून पाहणे. ते कोमट असेल तर कोणीतरी तुमच्या आधी 'तयारी' करून ठेवली आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तेल ओतायचे झाकण काढून त्याची आतली बाजू मोबाइलच्या उजेडात बघा आणि त्याच भोकातून आतल्या धातूवरही उजेड टाका. धातूवर मधासारखी पिवळसर झाक असेल तर ती वयोमानाची खूण आहे. काळी, जाड, खरवडून निघणारी खपली असेल तर तिथेच नमस्कार करून निघा. झाकणाखाली फिकट साय दिसली तर ती थंडीत छोट्या फेऱ्यांनीही जमते, म्हणून तेवढ्यावर हेड गॅस्केट (इंजिनातले तेल आणि पाणी वेगळे ठेवणारे पॅकिंग) गेले असे म्हणू नये. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत तेलाचा तवंग आहे का, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

मग इंजिन सुरू करून पहिले दहा सेकंद कान द्या. टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी) सैल झाली असेल तर खुळखुळ्यासारखा आवाज येतो आणि तेलाचा दाब चढला की थांबतो. तापलेल्या इंजिनावर तो सहसा ऐकूच येत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल शक्य असेल तर थोडे काढून पाहा. जळकट वास आणि काळपट रंग असेल तर आतल्या क्लच प्लेटा झिजल्या आहेत. 'हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही' असे काही कंपन्या म्हणतात; त्यातले आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हे त्या सांगत नाहीत.

निदान_यंत्र:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी, म्हणजे 'कोड', वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल थोडी भर घालतो. निदानाचे ठरावीक आकाराचे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे साधा हातातला स्कॅनर जवळजवळ कोणत्याही गाडीला लागतो.

बहुतेक जण स्कॅनर लावतात, 'कोड नाहीत' असे दिसले की समाधानाने काढून ठेवतात, आणि नेमके तिथेच फसतात. कोड पुसणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. कोड पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या अंतर्गत चाचण्या, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या वाफेची यंत्रणा यांच्या तपासण्या, 'अपूर्ण' अशा स्थितीला जातात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचे निरनिराळ्या प्रकारचे ड्रायव्हिंग लागते. त्याशिवाय 'कोड पुसल्यापासून कापलेले अंतर' हा आकडाही बहुतेक गाड्या दाखवतात. महिनोनमहिने वापरात असलेल्या गाडीत हा आकडा एकेरी किंवा दुहेरी निघाला, तर तुमच्या येण्याआधी कोणता दिवा विझवला गेला, हा प्रश्न मालकांना नक्की विचारावा. अर्थात बॅटरी नुकतीच बदलली असेल तरी काही गाड्यांत असे होते, म्हणून उत्तर ऐकून घ्यावे आणि आठवड्याने पुन्हा तपासावे.

मीटर मागे फिरवल्याचा संशय असेल तर एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), गिअरबॉक्स, एअरबॅग यांच्या संगणकांमध्ये नोंदवलेले किलोमीटर वाचता येतात का ते पाहा. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणारे सगळीकडे हात फिरवतातच असे नाही.

हिशोबी:

सगळी चर्चा इंजिनाभोवती फिरते आहे, म्हणून थोडा मतभेद नोंदवतो. गाडी पंधराव्या-सोळाव्या वर्षी भंगारात जाते ती बऱ्याचदा इंजिनामुळे नव्हे, तर सांगाडा गंजल्यामुळे किंवा मागे कधीतरी ठोकून वाकडा झाल्यामुळे जाते. इंजिन बदलता येते, सांगाडा बदलता येत नाही. दोन्ही गाड्या रॅम्पवर चढवून खालचे लांब आडवे बीम, सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडले जाते त्या जागा आणि जॅक लावायच्या कडा पाहा. खाली नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर तो कौतुकाचा विषय नव्हे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी लावा. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो, आणि एखाद्या दारावर आकडा पाचशेच्या पुढे गेला तर आत लांबी (पोचे भरण्याची पुट्टी) भरलेली आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी मातीची रेघ आहे का, हेही बघा. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी बाकी सगळीकडे धुता येते, पण तिथे सहसा कोणाचा हात पोहोचत नाही.

फाइलबद्दलही सावध राहावे. नुसते शिक्के मारलेली पुस्तिका मी पुरावा मानत नाही. भागांची नावे, तारीख आणि किलोमीटर लिहिलेले बिलच मानतो. बिलांवरचे किलोमीटर क्रमाने चढत गेले आहेत का, आणि सव्वा लाखाच्या आसपास जे खर्च यायलाच हवेत ते आले आहेत का, हे ताडून पाहा. शॉकअॅब्सॉर्बर, कंट्रोल आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर), व्हील बेअरिंग, क्लच, टायमिंग बेल्ट (काही इंजिनांत टायमिंग चेनऐवजी असणारा पट्टा), वॉटर पंप यांपैकी जे बदललेले नाही ते पुढच्या दोन वर्षांत तुमच्या माथी येणार. 'तेलकट हात' यांना जास्त रनिंगची गाडी आवडते, पण ही यादी त्यांनी सांगितली नाही.

आणि एक छोटे काम: चासी नंबर टाकून उत्पादकाच्या संकेतस्थळावर परत-बोलावणीची (सदोष भाग बदलण्यासाठीच्या रिकॉलची) नोंद पाहा. टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगसाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि अनेक मालक दुरुस्तीसाठी कधी गेलेच नाहीत.

तेलकट_हात:

यादी सांगितली नाही हे मान्य, आणि ती बरोबर आहे. फरक इतकाच की त्या यादीतला प्रत्येक भाग बाहेरून लागणारा, सुटा मिळणारा आणि एका दिवसात बदलणारा आहे. चिखल झालेल्या इंजिनासाठी असा सुटा भाग मिळत नाही.

दूरचा_पल्ला:

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात दोन्ही गाड्या मेकॅनिकसह पाहून आलो, त्याचा वृत्तांत देतो.

पहिली गाडी पाहायला सकाळी आठला गेलो, तर इंजिन चांगलेच कोमट होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. झाकणाच्या आत काळी खपली होती आणि ती नखाने निघाली. सुरू केल्यावर आवाज काही वेगळा जाणवला नाही. स्कॅनरवर एकही कोड नव्हता, पण तीन चाचण्या अपूर्ण आणि कोड पुसल्यापासूनचे अंतर ११ किलोमीटर. बॅटरी बदलली होती का विचारले, तर नाही म्हणाले. सगळ्यात गंमत टायरांची झाली. मेकॅनिकने टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगितले; पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. चारही टायरांवर ३४२१ होते, म्हणजे २०२१ च्या चौतिसाव्या आठवड्यातले. मालकांच्या हिशोबाने तेव्हा गाडी वीस हजारांच्या आसपास धावलेली असणार, आणि एवढ्यात चारही टायर का बदलावे लागले, हे त्यांना आठवेना. ब्रेकच्या पेडलचे रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत झालेले होते.

दुसऱ्या गाडीचे इंजिन थंडगार मिळाले. झाकणाखाली पिवळसर झाक, खपली नाही. सांगाडा कोरडा, रंगाची जाडी सगळीकडे सारखी, फक्त पुढच्या डाव्या फेंडरवर दुबार रंग, आणि त्याचे बिल फाइलमध्ये आहे. मात्र तीन दोष निघाले. मागचा एक शॉकअॅब्सॉर्बर तेल गाळतो, क्लच बराच वर येऊन पकडतो, आणि लांब उतारावरून पाय काढून आल्यावर पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला की सायलेन्सरमधून क्षणभर निळसर धूर येतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये अर्धा लिटर तेल वर घालावे लागते, हे मालकांनी मी विचारण्याआधीच सांगितले. टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल सापडले नाही. या धुराची आणि बेल्टची किती काळजी करावी?

तेलकट_हात:

उतारानंतर क्षणभर येणारा निळा धूर बहुधा व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सीलांचा असतो. ते सील वयाने कडक होतात आणि तेल थेंबाथेंबाने खाली सोडतात. रिंगांचा दोष असता तर चढावर, जोर लावताना सतत धूर दिसला असता. खात्री हवी असेल तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाण्याचा दाब) मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर दोन सर्व्हिसिंगमध्ये अर्धा लिटर हे काहीच नाही. काही उत्पादक तर १,००० किलोमीटरला अर्धा लिटरदेखील चालवून घेतात. फक्त डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) दर पंधरा दिवसांनी पाहायची सवय लावून घ्या.

बेल्टचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्याला किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा असतात, आणि बऱ्याच इंजिनांमध्ये तो तुटला की पिस्टन थेट उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. बिल नसेल तर बदललेला नाही असेच धरायचे, मालक कितीही सज्जन असोत. फाइलमध्ये वॉटर पंपाचे बिल आहे का, ते एकदा पाहा. पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर दोन्ही कामे सहसा एकाच वेळी करतात आणि बिलावर मथळा पंपाचा असतो.

दूरचा_पल्ला:

तसेच निघाले. ९६,००० किलोमीटरला वॉटर पंप बदलल्याचे बिल आहे आणि त्याच्या तिसऱ्या ओळीत, भाग क्रमांकासमोर, 'बेल्ट किट, टेन्शनरसह' (टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग) असे लिहिलेले आहे. मी दोनदा फाइल चाळूनही ते माझ्या नजरेतून सुटले होते. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखे आले, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक पाच टक्क्यांहून कमी आहे. शॉकअॅब्सॉर्बरची जोडी आणि क्लच यांचा खर्च वजा करून मालकांशी बोलणी झाली आणि त्यांनी ती मान्य केली. पहिल्या गाडीच्या मालकांना आज नकार कळवला.